बर्डीवरच्या दुकानात डिजिटल रेडिओ: न दिलेल्या एका ऑर्डरचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरला सीताबर्डीवर रेडिओ आणि ॲम्प्लिफायरच्या विक्री-दुरुस्तीचं एक दुकान आहे. मालकाची ही दुसरी पिढी. हाताखाली एक जुना मेकॅनिक आणि एक शिकाऊ पोरगा. ओळख पटू नये म्हणून दुकानाचे आणि गिऱ्हाइकांचे तपशील इथे बदलले आहेत. प्रकरण २०१९ सालचं.

दुकानाची गिऱ्हाइकं ठरलेली होती. महाल-इतवारीतली सेवानिवृत्त मंडळी, काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार आणि टॅक्सीवाले. टॅक्सीवाल्यांचं एफएमवर भागत असे. बाकीच्यांना हवं असे ते आकाशवाणीचं नागपूर केंद्र, मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे जुन्या पट्टीवर ५१२.८ मीटर. १६ जुलै १९४८ ला सुरू झालेलं हे केंद्र त्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या वाजत होतं. सकाळच्या मराठी बातम्या, शेतीचे कार्यक्रम, दुपारची गाणी. काटा एकदा त्या जागेवर आणला की कोणी हलवत नसे.

त्या हिवाळ्यात तक्रारी वाढल्या. सेट दुरुस्तीला यायचा, दुकानात बॅटरीवर स्वच्छ वाजायचा, घरी नेला की पुन्हा खरखर. त्याच सुमारास एका वितरकाचा माणूस डिजिटल रेडिओचा प्रस्ताव घेऊन आला. आकाशवाणीने देशभरात ३५ मीडियम वेव्ह आणि ४ शॉर्टवेव्ह डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल, म्हणजे या बँडवरचं डिजिटल प्रसारण) ट्रान्समीटर उभे केले आहेत, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन-दोन कार्यक्रम येतात, आवाज एफएमसारखा, खरखर शून्य. किमान १० सेट घ्यायचे, निम्मे पैसे आगाऊ, माल परत नाही. सेटची किंमत पाच आकडी. दुकानातला साधा दोन बँडचा सेट तेव्हा हजाराच्या आत होता.

मालकाला मोह पडला. मोबाईलने गल्ला खाल्ला होता आणि पुष्कळ वर्षांनी रेडिओत काहीतरी नवं आलं होतं. त्याने दारात पाटी लावली, "डिजिटल रेडिओ येत आहे", आणि चार गिऱ्हाइकांकडून इसारही घेतला.

अडचण

वरवर पाहता प्रश्न एवढाच होता की १० सेट घ्यायचे की नाही. पण त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते आणि ते सुटे करायला दुकानाला दीड महिना लागला.

पहिला, खरखर कुठून येते? दुसरा, नागपुरात गिऱ्हाइकाला हवं ते केंद्र डिजिटलवर येतं का? तिसरा, आलंच तर माणूस त्यासाठी दहा-पंधरा पट पैसे मोजेल का? वितरकाच्या माणसाने पहिल्या प्रश्नावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली होती आणि मालकही त्याच्यामागे गेला.

मेकॅनिक मात्र अडून बसला. त्याचं कारण काउंटरच्या काचेत होतं. वर्ल्डस्पेसचे दोन सॅटेलाइट रेडिओ तिथे अजून पडून होते. वर्ल्डस्पेसची भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाली आणि ते सेट त्या दिवसापासून निव्वळ डबे झाले. त्या सेटांत कसलाच बिघाड नव्हता. प्रसारण थांबलं की सेटला किंमत उरत नाही. मेकॅनिकचं म्हणणं, आधी नमुन्याचा सेट आणा, मग बोला. अनामत भरून १५ दिवसांसाठी एक सेट आला.

पहिली चाचणी, आणि ती का फसवी ठरली

दुकान बंद करून रात्री नऊनंतर गच्चीवर सेट लावला. मीडियम वेव्हचा शोध घेतला तर दूरच्या एका केंद्राचा डिजिटल सिग्नल धरला गेला. पडद्यावर केंद्राचं नाव उमटलं, चार-पाच सेकंदांनी आवाज आला आणि तो खरोखर थक्क करणारा होता. खरखर नाही, शिट्टी नाही, तबल्याची थाप अगदी सुटी. मालकाने त्याच रात्री ऑर्डर द्यायचं ठरवलं होतं.

इथे चूक वेळेची झाली. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीलगत चालते, तिचा आवाका ट्रान्समीटरपासून मर्यादित अंतराचा. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरात ती शोषली जाणं थांबतं आणि तिथून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरते. रात्री नऊला गच्चीवर मिळालेलं केंद्र सकाळी सातला महालातल्या माजघरात मिळेल, याची काडीचीही खात्री नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला मेकॅनिकने तोच सेट त्याच गच्चीवर लावला. तिन्ही वेळा ५८५ वर साधं, ॲनालॉग प्रसारण उत्तम आलं, पण डीआरएमची खूण पडद्यावर उमटलीच नाही. बाकी बँडवरही दिवसा डिजिटल काही टिकलं नाही. रात्री पुन्हा तेच दूरचं केंद्र आलं, पण आता येत-जात होतं: दोन मिनिटं स्वच्छ, मग अर्धं मिनिट पूर्ण शांत.

ही शांतता म्हणजे तंत्राचा स्वभावच आहे. ॲनालॉग सिग्नल कमी झाला की खरखर वाढते, पण शब्द कळत राहतात. कान उरलेलं भरून काढतो. डिजिटलमध्ये सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण एका पातळीच्या वर असलं तर सगळं ऐकू येतं, खाली गेलं तर काहीच नाही. शिवाय सेट आधी ताळमेळ जुळवतो, मग सेवांची यादी वाचतो, मग आवाज उलगडतो. फेडिंगचा, म्हणजे सिग्नल मधूनमधून विरण्याचा, मारा पसरून जावा म्हणून माहिती दोनेक सेकंदांत विस्कटून पाठवलेली असते, तेवढा उशीर तर ठरलेलाच. नॉब फिरवता-फिरवता केंद्र शोधायची सवय असलेला माणूस प्रत्येक थांब्यावर चार-पाच सेकंद वाट पाहत नाही. सेट बिघडलाय असं समजून तो पुढे जातो.

आणखी एक गोष्ट वितरकाच्या पत्रकात नव्हती. जिथे एकाच ट्रान्समीटरवरून ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही एकत्र जातं, तिथे डिजिटलच्या वाट्याला ताकदीचा थोडाच हिस्सा येतो. म्हणून एखाद्या केंद्राचं ॲनालॉग जिथवर पोचतं, तिथवर त्याचं डिजिटल पोचेलच असं नाही.

खरखर कुठून येत होती

हा भाग सगळ्यात आधी तपासायला हवा होता.

महालातल्या एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या घरी मेकॅनिक सकाळी सव्वासातला गेला. सोबत बॅटरीवर चालणारा साधा सेट. मीटरजवळची मुख्य एमसीबी, म्हणजे घरभराची वीज तोडणारा खटका, पाडली आणि घर अंधारात गेल्याबरोबर ५८५ स्वच्छ झालं. मग एकेक वस्तू सुरू केली. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर: हलकी भुणभुण. वायफायचा ॲडॉप्टर: थोडी शिट्टी. माजघरातले दोन स्वस्त एलईडी दिवे लागले आणि बातम्या बुडाल्या.

याचं गणित सोपं आहे. दिवे, चार्जर आणि ॲडॉप्टरमधले लहान स्विचिंग सप्लाय (वीज वेगाने चालू-बंद करून दाब उतरवणारी सर्किटं) बरेचदा ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. त्या फ्रिक्वेन्सीच्या पटीत गोंगाट निघतो आणि ६५ नवे ५८५! स्वस्त मालात गाळणीचे घटक वाचवलेले असले की तो गोंगाट घरच्या वायरिंगमधून पसरतो, आणि ती वायरिंगच त्याची एरियल होते. नवव्या पटीचा पट्टा नागपूर केंद्राच्या डोक्यावर बसावा हा या शहराच्या श्रोत्यांचा दुर्दैवी योग आहे. दिवा तापला की ही फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, म्हणून खरखर मधूनच शिट्टी होते आणि पुन्हा खरखर.

डिजिटल सेट या गोंगाटातून सुटतो, ही समजूतही त्याच घरी तपासली गेली. दिवे बंद ठेवून रात्री जो डिजिटल सिग्नल अधूनमधून येत होता, तो दिवे लावल्यावर अजिबात येईना. गोंगाट सिग्नलच्या तुलनेत तेवढाच राहतो. फक्त त्याचा परिणाम खरखरीऐवजी शांततेत होतो.

गुरुजींनी हे पाहून जे म्हटलं ते मेकॅनिकने वहीत उतरवून ठेवलं: "खरखर मले चालते, पन बातम्या मदातच गप झाल्या तं काय करू?"

पर्याय

आता दुकानापुढे चार वाटा होत्या.

सेट घेणं. रक्कम लाखाच्या वर अडकणार होती आणि दिवसा एकही केंद्र दाखवता येणार नव्हतं. बॅटरीचंही कोडं होतं. साधा सेट ३०-४० मिलिअँपिअरवर चालतो, मोठे सेल महिनाभर पुरतात. नमुन्याचा सेट त्याच्या दहापटीच्या आसपास ओढत होता. बागेत झाडाला टांगून दिवसभर रेडिओ लावणाऱ्याच्या दृष्टीने हा नकारच.

मोबाईल. आकाशवाणीची केंद्रं प्रसार भारतीच्या ॲपवर ऐकता येतात. ६४ किलोबिटचा प्रवाह धरला तर तासाला सुमारे २९ एमबी, रोज सहा तास ऐकलं तर पावणेदोनशे एमबीच्या आत. पैशाच्या दृष्टीने परवडतं. पण संत्र्याच्या बागेत नेटवर्क डगमगतं, फोन आला की बातम्या थांबतात, आणि ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना पडद्यावर शोधाशोध नको वाटते.

एफएमकडे वळवणं. विविध भारती १००.६ वर आहे, खाजगी केंद्रं आहेत. शहरात उत्तम. पण ५८५ चे शेतीचे कार्यक्रम तिथे नाहीत, आणि काटोलच्या पुढे खोलगट शिवारात एफएम विरत जातं.

चौथी वाट म्हणजे आहे त्याच सेटवर ५८५ स्वच्छ करून देणं. यात नवा माल विकला जात नव्हता, म्हणून मालकाने ती शेवटी धरली. आमच्या मते तक्रारींशी थेट संबंध असलेली वाट हीच होती.

युरोपची उदाहरणं वितरकाच्या तोंडी होती, त्यांचाही विचार झाला. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि लोक डीएबीवर (तिकडच्या डिजिटल रेडिओवर) गेले. पण ते गेले कारण जुनी वाट बंद झाली आणि तोवर नव्या वाटेवर केंद्रं भरपूर होती. आवाज चांगला म्हणून आपखुशीने सेट बदलणाऱ्यांवर तो बदल उभा नव्हता. नागपुरात ५८५ चालू होतं आणि साध्या सेटवर फुकट मिळत होतं.

काय केलं

ऑर्डर दिली नाही. नमुन्याचा सेट तेराव्या दिवशी परत गेला. चौघांचा इसार परत केला. तिघांनी काही म्हटलं नाही, चौथा बागायतदार चिडला, कारण डिजिटल येणार म्हणून त्याने जुना सेट भाच्याला देऊन टाकला होता. त्याला दुकानाने दुरुस्त केलेला एक सेट वापरायला दिला.

मग गोंगाटाचं काम हाती घेतलं. घरभेटीचा क्रम ठरला: एमसीबी पाडून तपासणं, दोषी वस्तू शोधणं, ती बदलणं किंवा रेडिओपासून दूर नेणं. दोन दिवे चांगल्या बनावटीचे लावले की बहुतेक घरांत निम्मं काम होत होतं. ॲडॉप्टरच्या वायरीवर फेराइटचा (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) मणी नुसता चढवून ५८५ ला फारसा फरक पडत नाही. वायरीचे सात-आठ वेढे मोठ्या फेराइट कड्यातून काढावे लागतात, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

जिथे गोंगाट शेजारच्या घरातून येतो, तिथे चौकटीची एरियल. माप असं:

लाकडी चौकट, बाजू ६० सेंटिमीटर. सुपर एनॅमल तांब्याची तार ३० मीटर, १२ वेढे, दोन वेढ्यांत ५ मिलिमीटर अंतर. त्याला जुन्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग (केंद्र जुळवायचा फिरता कंडेन्सर) समांतर. एवढ्यावर गुंडाळीचं इंडक्टन्स २०० मायक्रोहेन्रीच्या जवळ येतं आणि गँग साडेतीनशे पिकोफॅरडच्या आसपास फिरवला की ५८५ जुळतं. रेडिओला तार जोडायची नाही. रेडिओ चौकटीपासून वीतभर अंतरावर, त्याची लांबी चौकटीच्या पातळीला काटकोनात, म्हणजे आतला फेराइट रॉड चौकटीच्या अक्षावर येतो. गँग हळूहळू फिरवायचा. आवाज एकदम उसळी घेतो ती जागा. मग चौकट फिरवून गोंगाट सर्वांत कमी होईल अशी दिशा धरायची.

यात चुकण्याच्या जागा दोन. वेढे एकमेकांना चिकटवून गुंडाळले तर जुळणीचं वरचं टोक हलतं आणि तीक्ष्णपणा जातो. आणि चौकट लोखंडी कपाटाशेजारी किंवा खिडकीच्या गजांना टेकवली तर ती बहिरी होते. पहिल्या तीन चौकटींपैकी एक गजांमुळेच परत आली होती.

गाडीतला रेडिओ

याच दीड महिन्यात एक टॅक्सीवाला आला. नव्या गाडीच्या रेडिओत "डीआरएम" असं काही दिसतं, ते काय, म्हणून. मारुती आणि ह्युंदाईच्या काही मॉडेलांत कंपनीनेच हा रिसीव्हर बसवून दिला आहे, हे अनेक मालकांना ठाऊकच नसतं. त्याने या सुविधेसाठी वेगळा रुपया मोजलेला नव्हता.

नागपुरात दिवसा त्यालाही काही मिळालं नाही. पण जबलपूरचं भाडं लागलं तेव्हा मेकॅनिकने त्याला सांगून ठेवलं होतं: डीआरएमचा शोध लावून ठेव, कुठे आवाज धरतो ते लिही. सिवनीच्या पुढे तुटक, मग जबलपूर जवळ येईल तसा पक्का. परतीत तो म्हणाला, "गाने असे लागले का वाटलं पेनड्राइव्हच हाय."

संपूर्ण प्रकरणात डिजिटल रेडिओने एका सामान्य श्रोत्याला जिंकलं ते फक्त इथे. सेट आधीच हाताशी होता, सिग्नल होता, गाडीत घरगुती दिव्यांचा गोंगाट नव्हता आणि बॅटरीची चिंता नव्हती. या चारपैकी बर्डीवरच्या काउंटरवर दुकान एकही देऊ शकत नव्हतं.

निष्पत्ती

दुकानाचा लाखाचा धोका टळला. चौकटींवर मोठा नफा नव्हता, पण दुरुस्तीला आलेला सेट पुन्हा-पुन्हा परत येणं थांबलं, आणि घरभेटीचे पैसे लोक कुरकुर न करता देऊ लागले. दारातली पाटी मात्र महिनाभर तशीच राहिली होती. "आला का डिजिटल?" असं विचारणाऱ्यांना उत्तरं देण्यात शिकाऊ पोराचा बराच वेळ गेला.

एक तोटा राहून गेला. डीआरएममध्ये पडद्यावर बातम्यांचा मजकूर येऊ शकतो, आणि संकटाच्या वेळी सेटला आपोआप इशाऱ्याच्या प्रसारणावर वळवायची सोय आहे. गारपिटीने बहर झोडपला जातो त्या पट्ट्यातल्या माणसाला ती सोय आवाजाच्या गोडव्यापेक्षा कितीतरी मोलाची. चाचणीत तिचा विचारच झाला नाही, कारण सगळं बोलणं खरखरीभोवती फिरत राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

एमसीबीची चाचणी पहिल्या तक्रारीलाच करायला हवी होती. तिला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात. ती झाली असती तर डिजिटलचा प्रस्ताव खरखरीवरचं औषध म्हणून पुढे आलाच नसता.

नमुन्याची चाचणी ऐकणाऱ्याच्या वेळेला आणि ऐकणाऱ्याच्या खोलीत व्हायला हवी. गच्चीवर, रात्री, मालकाच्या कानाने केलेली चाचणी दुकानदाराचा उत्साह मोजते. तीन वेळा, निदान सात दिवस, आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटांत आवाज किती वेळा तुटला याची नोंद.

इसार घेणं तर सरळच चुकलं. प्रसारण दुसऱ्याच्या हातात असताना दुकानाने त्याचा शब्द देऊ नये.

मालकाची एक बाजू इथे मांडायला हवी. नवं काही आणण्याची त्याची ओढ चुकीची नव्हती. त्याने नमुना मागवला, अनामत भरली, उलट निकाल आला तेव्हा तो मान्य केला. पुष्कळ दुकानं पहिल्या रात्रीच्या आवाजावर ऑर्डर देऊन बसतात.

पुढची स्थिती

ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) खाजगी केंद्रांच्या डिजिटल रेडिओसाठी शिफारशी दिल्या. त्या ४ महानगरं आणि ९ 'अ' वर्गातली शहरं धरून आहेत, आणि 'अ' वर्गात नागपूर येतं. आराखडा एफएमच्या बँडचा: त्याच फ्रिक्वेन्सीवर एक ॲनालॉग, तीन डिजिटल आणि एक डेटा वाहिनी. देशभर एकच तंत्र असावं, असंही त्यात म्हटलं आहे.

हा प्रस्ताव २०१९ च्या प्रस्तावापेक्षा बर्डीच्या दुकानाला जवळचा आहे. एफएमच्या बँडवर रात्रीच्या परावर्तनाचा भुलावा नाही, दिव्यांचा गोंगाटही खूपच कमी. ॲनालॉग चालूच राहणार असल्याने जुना सेट फेकावा लागत नाही. पण एका फ्रिक्वेन्सीवरच्या तीन डिजिटल वाहिन्यांवर काय वाजणार, हा प्रश्न उरतोच. तीच गाणी तिप्पट मिळणार असतील तर माणूस सेट बदलणार नाही. एखादी वाहिनी मंडीचे भाव, हवामान आणि वऱ्हाडी बोलीतले कार्यक्रम देणार असेल तर काटोलचा बागायतदार स्वतः विचारत येईल. आणि फक्त मीडियम वेव्हचं डिजिटल घेणारा सेट या बँडचं डिजिटल घेईलच असं नसल्याने, तंत्र ठरेपर्यंत दुकानात साठा करणं आजही धोक्याचंच.

मेकॅनिकने आता काउंटरवर एक वही ठेवली आहे. नवा सेट मागणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारून लिहितो: कोणतं स्टेशन, किती वाजता, कुठे बसून. उत्तरं लिहून झाल्यावर मगच तो मागच्या फळीवरून सेट काढतो.